जर्नलमधले ५१ खोडू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आम्ल आणि अल्कली मिसळल्यावर एक मोल पाणी तयार होताना किती किलोज्यूल उष्णता सुटते, त्या तुझ्या प्रयोगाबद्दल काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझं ५१ आलंय, पुस्तकात ५७ आहे, मी सरळ ५६ लिहून टाकते." तेव्हा मी गप्प बसलो, कारण कॉलेजात मीही हेच केलं होतं. वर शहाणपणा असा, की खरं वाटावं म्हणून ५६.८ लिहिलं. सही मिळाली. हरवलेली उष्णता कुठे गेली, हे मात्र त्या दिवशी विचारायचं राहून गेलं.

तुझं गणित मी पुन्हा मांडून पाहिलं. ५० मिलिलिटर आम्ल, ५० मिलिलिटर अल्कली, दोन्ही १ मोलर, म्हणजे लिटरमागे एक मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली मोठी संख्या). तापमान ६.१ अंशांनी वाढलं. १०० ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले ६.१, म्हणजे सुमारे २५५० ज्यूल. पाणी तयार झालं ०.०५ मोल, म्हणून मोलमागे ५१ किलोज्यूल. चूक कुठेच नाही. उष्मादायी, म्हणजे उष्णता सोडणारी अभिक्रिया म्हणून चिन्ह ऋण लाव, तेवढं विसरली आहेस.

पण या हिशेबात तू फक्त पाण्याला मिळालेली उष्णता धरलीस. काचेचा बीकर तापला, थर्मामीटर तापला, थोडी हवेत गेली. त्यांचा वाटा कोणी मोजायचा? त्याच बीकरमध्ये ३० अंशांचं ५० ग्रॅम पाणी घे आणि त्यात ६० अंशांचं ५० ग्रॅम ओत. ४५ यायला हवेत. समज, ४४ आले. गरम पाणी १६ अंश उतरलं, गार पाणी १४ अंश चढलं, आणि मधल्या २ अंशांचे ४१८ ज्यूल बीकरने घेतले. तोही १४ अंशच तापला, म्हणून त्याची भूक अंशामागे ३० ज्यूल. आता तुझ्या ६.१ अंशांचे १८० ज्यूल त्या २५५० मध्ये मिळव. ५१ चे साडेचोपन्न होतात, तेही खोडरबर न वापरता!

उरलेलं बहुतेक हवेत गेलं असणार. मिसळल्यावर दर पंधरा सेकंदांनी तापमान टिपायचं, ग्राफ काढायचा आणि उतरती रेषा मिसळल्या क्षणापर्यंत मागे न्यायची. भांडं गार झालं नसतं तर तापमान कुठवर गेलं असतं, ते तिथे दिसतं. बीकरऐवजी थर्माकोलचा पेला घेतलास तर दोन्ही दुरुस्त्या लहान होतील. द्रावणांची तीव्रता खरंच १ मोलर होती का, हेही बघ.

लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनाही हाच त्रास होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाचा कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजायचं भांडं, वापरला. आतल्या बर्फाभोवती बर्फाचाच दुसरा थर, म्हणजे बाहेरची उष्णता आत पोचण्याआधी तिथेच खर्च व्हावी. आतून वितळून ठिबकलेलं पाणी तोलायचं, की उष्णता कळली. त्यात त्यांनी गिनीपिगही ठेवला होता. बिचाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे, पण श्वसन हे एक प्रकारचं मंद ज्वलनच आहे, हे त्यातून पुढे आलं.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, तरी सांगतो. हायड्रोक्लोरिक घे किंवा नायट्रिक, उत्तर ५७ च्या आसपासच का येतं? तीव्र आम्ल पाण्यात आधीच आयनांत, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांत, फुटलेलं असतं. खरी घटना एकच, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचं पाणी होणं. बाकीचे आयन नुसते बघे. काही दुर्बल आम्लांचा आकडा मात्र कमी येतो, कारण ती फुटायलाच काही ऊर्जा लागते. बंध तुटला की ऊर्जा मिळते, हे डोक्यातून काढून टाक. तोडायला ऊर्जा लागते, जुळताना ती सुटते.

काही अभिक्रिया तर कुठल्याच भांड्यात मोजता येत नाहीत. कार्बनपासून फक्त कार्बन मोनॉक्साइड करायला जा, थोडा डायऑक्साइड होतोच. इथे हेस हा रसायनशास्त्रज्ञ कामी येतो. वाट कुठलीही असो, एकूण उष्णता तीच, हे त्याने १८४० मध्ये मांडलं. कार्बन पूर्ण जळला तर ३९३.५ किलोज्यूल सुटतात, मोनॉक्साइड जळला तर २८३. वजाबाकी कर, ११०.५. न मोजलेला आकडा मोजलेल्या दोन आकड्यांतून आला. पण त्यातला एक जरी कोणी 'दुरुस्त' करून लिहिला असता, तर वजाबाकीही खोटी ठरली असती.

तेव्हा ५१ तसेच राहू दे, खाली बीकरचा हिशेब जोड. गरम-गार पाण्याचं करून बघ आणि ४४ आले की ४३, ते आधी मला कळव. माझा बीकर किती खात होता, ते मी कधी मोजलंच नाही.

तुझा,
बाबा