फोटोतल्या माणसांना नावं हवीत

महोदय,

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी कदंब महामंडळाच्या बसने डिचोलीहून पणजीला येते आणि सार्वजनिक प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेच्या दप्तरखान्यात स्वयंसेवक म्हणून बसते. गंजक्या टाचण्या अलगद सोडवायच्या, मऊ ब्रशने धूळ झाडायची, गठ्ठ्याला सुती नाडी बांधायची, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालायचा. पावसाळ्यात बुरशी आणि कसर पाठ सोडत नाहीत.

सध्या हाती गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाचे कागद आहेत. मतदानाच्या चिन्हांत फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. माझे वडील फुलाचे, मामा दोन पानांचे. कित्येक महिने दोघांत बोलणं नव्हतं. आता दोन्ही बाजूंची पत्रकं मी एकाच खोक्यात लावते. १६ जानेवारीला फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, हे पुस्तकात मिळतं. सभांच्या फोटोंमागे मात्र एकही नाव नाही.

एका फोटोत नऊवारीतली बाई पेट्रोमॅक्सच्या उजेडात बोलते आहे. समोर जमिनीवर बसलेल्या बायका, मांडीवर पोरं. संस्थेच्या परवानगीने मोबाइलवर घेतलेली प्रत मी शेजारच्या काकींना दाखवली. बाई त्यांना ओळखता आली नाही, पण मागचा दीपस्तंभ बघताच त्या म्हणाल्या, "हें आमचें देवूळ!" माहेरचं देऊळ. पुढच्याच गुरुवारी गावाचं नाव मी फोटोमागे लिहिलं. त्या बाईचं नाव अजून कोरंच आहे, आणि ते मला झोपू देत नाही.

तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. म्हणजे ज्यांनी त्या दिवशी मत दिलं, ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्याहून मोठे आहेत. म्हणून आपल्याला कळकळीची विनंती: दर रविवारी असा एक फोटो आपल्या दैनिकात छापावा. विलीनीकरणाविरुद्धची लढाई मडगावच्या 'राष्ट्रमत' दैनिकाने मराठीतूनच लढवली होती. मराठी वृत्तपत्रांचे वाचक दोन्ही बाजूंना होते. घरातल्या आजी-आजोबांपुढे पान धरलं तर कुणीतरी नक्की ओळखेल.

जुनी घरं पाडताना पेट्या थेट रद्दीवाल्याकडे जातात, तेही थांबायला हवं. आधी फोटो बाजूला काढा. मागे नावं लिहा, पण पेन्सिलीनेच. शाई पुढच्या बाजूला उतरते. आणि फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, तसाच आणून द्या.

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली