बाणाच्या आधी पोचतो तो आवाज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, क्रॉसबोला कुठला सायलेन्सर लावू?" मी तेव्हा विषय बदलला. त्याचं उत्तर एखाद्या वस्तूच्या नावात मावत नाही, आणि त्यामागे एक गोष्ट आहे जी मी तुला कधी सांगितलेली नाही.

उजवा खांदा धरल्यावर मी साधं धनुष्य ठेवून क्रॉसबो, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य, हातात घेतला, त्याचा तो शिकारीचा दुसरा हंगाम. संध्याकाळ होती, वारा पडलेला. इतकी शांतता की पान गळलेलं ऐकू यावं. हरणाची एक मादी झाडीतून बाहेर आली आणि आडवी उभी राहिली. अंतर ४२ यार्ड. माझ्या हातातलं यंत्र त्याहून दूर अचूक मारत होतं, सरावात मी ते कितीतरी वेळा पाहिलं होतं. मी खांद्यामागे बरोबर मध्यावर नेम धरला आणि घोडा दाबला. दोरीचा खणखणीत आवाज झाला, आणि मला दिसलं की ती पळण्याआधी खाली बसली. पोट जवळजवळ गवताला टेकलं. बाण तिच्या फुप्फुसांवरून पाठीच्या मांसातून गेला. बाण सापडला, त्यावर केस आणि थोडं रक्त होतं. मध्यरात्रीपर्यंत टॉर्च घेऊन माग काढला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा. थेंब विरळ होत गेले आणि एका ओढ्याकाठी संपले. ती मला सापडली नाही.

त्या रात्रीनंतर मी आवाजाचा विचार करायला लागले. हरणापासून लपायचं म्हणून आवाज कमी करायचा, असं मी तोवर समजत होते. पण बाण सुटला तेव्हा लपण्याचं काम संपलेलं असतं. आवाज कमी करायचा तो बाण जिथे धरला तिथेच लागावा म्हणून, त्या जनावराला एका क्षणात मरण यावं म्हणून.

आता हिशेब बघ, तुला आकडे आवडतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. तुझा बाण सेकंदाला ३५० फूट. म्हणजे आवाज तिपटीहून जास्त वेगानं पुढे पळतो. ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर, आवाज ०.११ सेकंदात पोचतो आणि बाण ०.३४ सेकंदात. मधले जवळजवळ पाव सेकंद हरणाचे. समजा दचकायला त्याला एक दशांश सेकंद लागला. उरलेल्या वेळात ते पाय सैल सोडून खाली येतं, कारण उडी मारायची तर आधी पाय दुमडावे लागतात. गुरुत्वाकर्षण तेवढ्यात त्याला साधारण ९ सेंटिमीटर खाली आणतं. ३० यार्डांवर हाच आकडा ३ सेंटिमीटर होतो. २० यार्डांवर दोन मिलिमीटरसुद्धा नाही.

हे गणित मी तेव्हा केलं असतं तर ती मादी त्या संध्याकाळी माझ्यासमोरून चरत निघून गेली असती.

तू म्हणशील, मग जास्त वेगाचा क्रॉसबो घेऊ. घे, थोडा फरक पडेल. ४०० फूट वेगाने ४० यार्डांवरची ती घसरण ९ वरून ४ सेंटिमीटरवर येते. पण १० यार्ड जवळ आलास तर तुझ्या आत्ताच्याच यंत्रावर ती ३ वर येते, आणि वेगासाठी जास्त ताणाचे बाहू (धनुष्याचे वाकणारे दोन हात) घेतलेस की दणकाही वाढतो. वेगाच्या मागे लागून आवाज वाढवायचा आणि मग तो दाबायला रबरं विकत आणायची, हा उलटा रस्ता आहे.

आवाज येतो कुठून ते समजून घे, म्हणजे काय लावायचं आणि काय नाही ते तुझं तुलाच कळेल. दोरी ओढताना बाहूंमध्ये जी शक्ती साठते ती सगळी बाणाला मिळत नाही. जी उरते ती दोरी, बाहू, कॅम (बाहूंच्या टोकांवरची चाकं) आणि सगळा सांगाडा हलवण्यात जाते, आणि त्या थरथरीचाच आवाज होतो. म्हणून बाण जितका जड, तितकी जास्त शक्ती तो सोबत घेऊन जातो आणि मागे कमी उरते. माझ्या मते हा सगळ्यात चांगला सायलेन्सर आहे, आणि तो यंत्रावर बसवावा लागत नाही. तू फोनवर सांगितलेला तुझा बाण टोकासकट ४०० ग्रेनचा, म्हणजे २६ ग्रॅम. तो ५०० ग्रेनचा करून पाहा. वेग तीसेक फुटांनी कमी होईल, पण २० यार्डांवर त्याने काही बिघडत नाही. दणका मात्र बसका होतो आणि बाण खोलवर जातो. नव्या वजनावर दुर्बीण पुन्हा जुळवून घे, जुन्या खुणांवर विसंबू नकोस. आणि उलट दिशेला कधीही जाऊ नकोस. यंत्राच्या पुस्तिकेत बाणाचं जे किमान वजन दिलं आहे त्याखालचा हलका बाण म्हणजे दोरी जवळपास रिकामीच सोडण्यासारखं आहे. बाहू तडकतात, दोरी तुटते, समोर आपला चेहरा असतो.

त्यानंतर स्क्रू. रबराचा एक तुकडा विकत घेण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढ. दोरी न चढवता, बाण न लावता क्रॉसबो मांडीवर घे आणि बोटांनी सगळीकडे टकटक कर. जिथे कुरकुर किंवा किणकिण ऐकू येईल तिथे काहीतरी सैल आहे. दुर्बिणीचे कडे, पट्ट्याच्या कड्या, पुढचा पाय अडकवायचा रकाब, बाहूंचे बोल्ट, आणि क्विव्हर, म्हणजे बाणांचा भाता. हा शेवटचा सगळ्यात मोठा गुन्हेगार. त्यात अडकवलेले तीन बाण प्रत्येक वेळी थरथरतात आणि त्यांची पाती एकमेकांशी बोलतात. मचाणावर बसल्यावर क्विव्हर काढून फांदीला अडकव. माझ्या जुन्या यंत्राचा निम्मा खणखणाट एका कडीचा होता. ती मी कापडी फितीने गुंडाळली आणि विषय संपला. बाहूंचे बोल्ट मात्र पुस्तिकेत दिलेल्या मापापलीकडे आवळू नकोस.

दोरीकडे लक्ष दे. रेलवर, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीवर, घासणाऱ्या मधल्या गुंडाळीला रेलचं तेल, उरलेल्या दोरीला मेण, बोटांनी चोळून आत मुरेपर्यंत. कोरडी दोरी आवाजही करते आणि लवकर झिजते. कॅमची धुरी कुरकुरत असेल किंवा दोन्ही कॅम एकाच वेळी फिरत नसतील तर जाणकाराकडे ने, ते घरी करण्याचं काम नाही.

हे सगळं झाल्यावर मग रबरं. दोरी पुढे येऊन जिथे थांबते तिथे लागणारे रबरी थांबे सगळ्यात जास्त काम करतात, कारण बाण सुटल्यानंतर दोरी जी थरथरत राहते तीच त्या टणत्काराचं मूळ. ते दोरीपासून किती अंतरावर ठेवायचे ते पुस्तिकेत असतं. फार लांब ठेवले तर उपयोग नाही, दोरीला रेटून बसवले तर दोरीलाच त्रास. बाहू दुहेरी असतील तर दोन पट्ट्यांच्या मधला रबरी तुकडाही चांगला. दोरीवर बांधायचे रबरी किंवा केसाळ गोंडे मी वापरले आहेत. त्याने आवाज जाडसर होतो, पण दोरी जड झाल्याने वेग जरा कमी होतो, आणि ते सरकून कॅममध्ये किंवा रेलवर येता कामा नयेत. तुझ्या अरुंद क्रॉसबोवर जागा नसेल तर सोडून दे.

आवाज जाडसर होणं हे लहान काम नाही. हरणाचा कान साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, आणि आपल्याला अजिबात ऐकू न येणारे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. त्यामुळे धातूची किणकिण त्याला जितकी टोचते तितका बसका दणका टोचत नाही. नुसतं 'किती मोठा' यावर जाऊ नकोस, 'कसला' आवाज आहे तेही ऐक.

ते ऐकायचं कसं? यंत्रामागे उभं राहून ते कळत नाही. निशाणाच्या बाजूला, बाणाच्या वाटेपासून चांगलं दूर, एखाद्या जाड आडोशामागे फोन रेकॉर्डिंगला ठेव. माणूस तिथे कोणीही नको. एका वेळी एकच बदल कर, प्रत्येक बदलानंतर तीन बाण मार, आणि मग शांतपणे ऐक. बाणाचा आवाजही त्यात येईल. काही ब्रॉडहेडच्या, म्हणजे शिकारीच्या पातीदार टोकांच्या, पात्यांना भोकं असतात आणि ती उडताना शिट्टी घालतात. तसं ऐकू आलं तर टोक बदल. पिसं फाटली असतील तर फरफर येते, तीही बदल.

मचाणावरचे आवाज वेगळे, आणि तिथे माणसं जास्त चुकतात. क्रँकने, म्हणजे हाताने फिरवायच्या दांड्याने, दोरी चढवताना होणारी कटकट दूरवर जाते, म्हणून ते काम खाली जमिनीवर, उजाडायच्या कितीतरी आधी उरकून घे. वर ओढताना बाण लावलेला नसावा, दोरखंडाने ओढ, तोंड खाली. पडू नये म्हणून बांधायचा हार्नेस अडकवल्याशिवाय यातलं काहीही नाही, हे मी दर वर्षी सांगते आणि यंदाही सांगते. सेफ्टीची कळ अंगठा आणि बोट दोन्हींनी धरून हळू सरकव, म्हणजे टक् होत नाही. सरसर वाजणारं नायलॉनचं जाकीट घरी ठेव, लोकर घाल. आणि बाहू पसरताना फांदीला लागणार नाहीत एवढी मोकळी जागा दोन्ही बाजूंना आधीच बघून ठेव.

हे सगळं केलंस तरी क्रॉसबो गप्प होणार नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, एवढंच. तो हरणापर्यंत पोचतो आणि बाणाच्या आधीच पोचतो. उरलेलं काम तुझं. मान खाली घालून चरणारं, शेपटी सैल असलेलं हरीण आणि कान टवकारून तुझ्या झाडाकडे बघणारं हरीण, ही दोन वेगळी जनावरं आहेत असं समज. दुसऱ्यावर बाण सोडू नकोस, कितीही जवळ असलं तरी. चालत्या हरणाला थांबवायला काहीजण तोंडाने आवाज काढतात. ते थांबतं खरं, पण आता ते दचकायला तयार उभं असतं. शक्य तेवढं वाट पाहा, ते आपणहून थांबू दे. झाडांतून वारा वाहत असेल तर तुझं नशीब, दणक्याची धार तो बोथट करतो. नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर, हृदयाच्या रेषेत धर. ते हललं नाही तर हृदय, थोडं खाली बसलं तर फुप्फुसं.

आणि अंतर. या हंगामात तुझी हद्द २५ यार्ड. मचाणावर बसलास की अंतर मोजायच्या रेंजफाइंडरने एखादं झाड, एखादा दगड मोजून ठेव, आणि त्यापलीकडे कितीही देखणा नर उभा राहिला तरी बोट घोड्यावर नेऊ नकोस. वडाच्या फांदीएवढी शिंगं असली तरी नाही.

रेकॉर्डिंग केलंस की मला पाठव, आधीचं आणि नंतरचं दोन्ही. हेडफोन लावून ऐकते. तुझा खांदा माझ्यासारखा नाही, अजून बरीच वर्षं आहेत तुला. घाई कसली.

तुझी,
आई

ता. क. ४०० ग्रेनचे जुने बाण फेकू नकोस. पण शिकारीच्या पिशवीत नव्या बाणांशी मिसळूही देऊ नकोस, दोघांचा पडण्याचा बिंदू वेगळा. शेपटाला रंगीत फीत चिकटव.