कातळावरचा बैल आपल्या गावात राहावा म्हणून: मदतीचे आवाहन

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि परगावी असलेली आमची मंडळी, सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या रिवण पंचायतीतल्या पणसायमळावर, कुशावती नदीच्या काठी, जांभ्याच्या कातळात शंभराहून अधिक प्रागैतिहासिक आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल आहेत, हरणे आहेत, एकात एक गोल रेषांचा तो मोठा चक्रव्यूह आहे. बाहेरच्या जगाला त्या १९९३ मध्ये कळल्या. सकाळचे तिरपे ऊन पडले की बैलाचे वशिंड कातळातून उठून दिसते. दुपारी त्याच जागी नुसता लाल दगड. मग फोटो नीट यावा म्हणून कुणीतरी खोबणीत खडू घासतो, कुणी बूट घालून चक्रव्यूहात उभा राहतो. जांभा मऊ. पावसाळ्यात नदी त्यावरून वाहते, गाळ बसतो, तो आम्ही समजू शकतो. खडू मात्र पाहवत नाही.

साळावली धरणात कुर्डी गाव बुडण्याआधी तिथली जांभ्यातली मातृदेवता वेर्ण्याला हलवता आली. वारुळाच्या रूपात सातेरी देवीला पुजणाऱ्या आपल्या लोकांना ती मूर्ती परकी वाटत नाही. नदीचा काठ मात्र असा उचलून नेता येणार नाही. म्हणून वाचनालयाची मागची खोली संग्रहालयासाठी मोकळी केली आहे. पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी मिळाली की कातळाला हात न लावता चहूबाजूंनी फोटो घेऊ आणि त्यावरून मूळ मापाच्या प्रतिकृती चिऱ्यावरच, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडावर, कोरून घेऊ. पोरांना बोट फिरवायचे तर त्या प्रतिकृतींवर फिरवू दे.

खोलीचे छप्पर गळते, ते आधी. मग चिरे, त्यांची वाहतूक, कोरणाऱ्या कारागिरांची मजुरी आणि तिरपा उजेड पाडणारे दिवे. चिरेखाणीवर हात बसलेले कुणी असाल तर तुमची गरज पैशांहून जास्त आहे. १९९३ च्या आसपासचे फोटो कुणाच्या पेटीत असतील तर द्या. प्रत काढून मूळ फोटो परत करू. त्या काळी काठावर गुरे चारलेल्या म्हाताऱ्यांनी या आकृत्यांबद्दल काय ऐकले होते, तेही आम्हाला लिहून घ्यायचे आहे. बसायला या, चहा आमच्याकडे.

देणगी वाचनालयात द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

पाऊस सरला की दर रविवारी सकाळी दोघांनी कातळापाशी थांबून पाहुण्यांना समजावून सांगायचे आहे. नावे ग्रंथपालांकडे नोंदवा. येताना पायातले कडेला काढून ठेवायचे, खडू दिसला तर पुसायला जायचे नाही, आधी खात्याला कळवायचे.

— वाचनालय समिती