दसऱ्याच्या आधी

प्रिय बाळू,

परवा तुझा फोन आला तवा मी एस्टीत होतो, घाटात रेंज गेली आन् बोलणं अर्धंच राहिलं. नंतर लावतो म्हणलं आन् राहूनच गेलं. आज लाईट गेलीय, घरचे सगळे वर गच्चीवर झोपलेत, म्हणून मोबाईलवरच लिहीत बसलोय, शुद्धलेखन बघू नको. तू विचारलास की एवढं काय डोक्यात घेऊन बसलायस, तर ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच.

आमच्या शाळेची शिस्तीची नियमावली नव्यानं करायचं काम हेडसरांनी माझ्याकडं दिलंय. पोळ्याच्या आसपास नववीच्या दोन पोरांची मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, तीन टाके पडले, गावातली माणसं ऑफिसात येऊन बसली. मग संस्थेकडून निरोप आला की लेखी काहीतरी पाहिजे. आधीची नियमावली होती बरं का, ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली. मी एवढी वर्षं तिच्यासमोरून रोज गेलो पण पूर्ण कधी वाचली नव्हती. स्टुलावर चढून काढली, काच पुसली आन् वाचली. अकरा नियम होते. उशीर, गणवेश, गृहपाठ, मोबाईल, मारामारी, सगळं आलं त्यात, पण जवळजवळ प्रत्येक नियमाखाली शिक्षा एकच होती, "पालकांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसू दिले जाणार नाही."

बाळू, ते वाक्य वाचून माझ्या पोटात कसंतरीच झालं. कारण हेच वाक्य मी स्वतः एका पोराला ऐकवलं होतं, तीन वर्षांपूर्वी. तुला कधी सांगितलं नाही.

नववीतलं पोरगं, वस्तीवरनं चालत यायचं, चार किलोमीटर तरी असंल. दिवाळीनंतर रोज उशिरा यायला लागलं. परिपाठ संपून पहिला तास अर्धा झाला की दारात उभं. एक दिवस मी चिडलो, म्हणलं वडलाला घेऊन ये, तवर वर्गात यायचं नाही. ते काहीच बोललं नाही. गेटच्या आतल्या लिंबाखाली जाऊन उभं राहिलं, दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरलेलं, दोन्ही हातांनी. मधल्या सुट्टीपर्यंत तसंच. दुसऱ्या दिवशीबी तसंच. तिसऱ्या दिवशी आलं नाही, चौथ्या दिवशी नाही, मी मस्टरवर गैरहजेरी मांडत गेलो. आई-बाप कर्नाटकात कारखान्यावर होते रे, ऊस तोडायला. दसरा झाला की आमच्याकडचं अर्धं गाव जातं हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. ते पोरगं वडलाला आणणार कुठनं? सकाळी उठून पाणी भरायचं, म्हातारीला भाकरी करू लागायचं, लहान बहिणीला अंगणवाडीत सोडायचं आन् मग शाळेचा रस्ता धरायचं. हे मला त्याच्या आजीनं सांगितलं, पण ते फेब्रुवारीत, जवा मी घरी गेलो. तवर पोरगं चुलत्याच्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर गेलेलं होतं. शाळेत बसू देईनात तर इथं राहून काय करणार, असं म्हणून गेलं म्हणे.

तवापासून माझं एक मत पक्कं झालंय. पुण्या-मुंबईच्या शाळेनं पोराला एक दिवस घरी पाठवलं तर ते घरी टीव्ही बघत बसंल आन् परत येईल. आपल्या बीडकडं गेटच्या बाहेर टोळी नेणारा मुकादम उभाय, उचल म्हणजे आगाऊ पैसे दिलेले हायत, ट्रक भरायलाय. लेकराला वर्गाबाहेर काढायची कुठलीबी शिक्षा आपल्याकडं शिक्षा राहत नाही, ते शाळा सोडायला लावणं होतं. नव्या नियमावलीत मला दुसरं काही जमो न जमो, ही एक गोष्ट घालायचीच असं ठरवून बसलो.

मग स्टाफरूममध्ये मीटिंग झाली. गणिताच्या सरांना तू ओळखतोस, स्वभाव कडक. त्यांचं म्हणणं की छडी गेली आन् शाळा गेली, आपण सगळे मार खाऊनच शिकलो, काय वाईट झालं आपलं. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, शाळा सुटल्यावर दहावीच्या पोरांना रोज तासभर फुकट शिकवणारा आमच्यात तो एकटाच माणूस हाय. ते म्हणले आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, आठवीपर्यंत लागू, नववी-दहावीला कुठं कायदा आडवा येतो? आता हा मुद्दा आपल्याकडं प्रत्येक शाळेत निघतो, म्हणून मी तयारी करून गेलो होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सरळ म्हणतं की शारीरिक शिक्षा नाही आन् मानसिक त्रासबी नाही, आन् कलम १६ म्हणतं की आठवी पूर्ण होईपर्यंत लेकराला शाळेतनं काढता येत नाही. २०१९ ला दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आली, पण काढून टाकायची नाही आली. ते सहा ते चौदा वर्षांसाठी, बरोबर. पण २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांपर्यंत बालकच मानतो, आन् त्याच्या कलम ७५ मध्ये लेकरू ज्याच्या ताब्यात हाय त्यानंच क्रूरपणा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलीय. मग नववीच्या पोराला हाणायची परवानगी कुठनं आणली आपण? सर गप्प बसले. पटलं म्हणून गप्प बसले असं नाही वाटलं मला, कायद्याला भिऊन बसले. नंतर चहाला मी त्यांना लिंबाखालच्या पोराचं सांगितलं, तवा मात्र त्यांनी कप खाली ठेवला. म्हणले, माझ्याच गणितात ते पोरगं बरं होतं.

पालकांची मीटिंग आम्ही मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली, नाहीतर कोण येतंय. बायका बऱ्याच आल्या, पिशव्या बाजूला ठेवून व्हरांड्यात बसल्या. एक बाप उठला आन् तेच आपलं जुनं, "सर, हाडं आमची आन् कातडं तुमचं, हाणा बिनधास्त." सगळे हसले. तेवढ्यात मागनं एक म्हातारी बोलली, नातू सातवीत हाय तिचा, पोरगा-सून दरसाल सांगलीकडं जातेत. ती म्हणली, मारायचं बिरायचं राहू द्या, पोरगं घरनं निघालं आन् साळंत पोचलंच नाही तर मला कोण सांगणार? मला फोन लावता येत नाही, नंबर वाचता येत नाही. सगळे एकदम शांत झाले. दोन तासांच्या मीटिंगमध्ये इतकं कामाचं दुसरं कुणी बोललं नाही बघ. तिच्यामुळं नियम झाला की ज्याचे आई-बाप उसाला गेलेत त्या पोराच्या नावापुढं मस्टरमध्ये गावात राहणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं, आजी, चुलती, शेजारी कुणी का असंना, आन् पोरगं दुपारपर्यंत आलं नाही तर त्याच दिवशी कुणीतरी घरी जायचं. शिपाई जाईल, मी जाईन, वस्तीवरचं मोठं पोरगं सायकलवर जाईल.

उशिराचा नियम असा केलाय की आधी वर्गात घ्यायचं, मग वहीत टाईम आन् कारण लिहायचं. कारण पोरानं सांगायचं आन् आपण लिहायचं, त्यावर भाष्य करायचं नाही. आठ दिवस नुसतं लिहून बघितलं आम्ही. बाळू, आठवी-नववीच्या पोरींची निम्मी कारणं एकच निघाली, मानव विकासची, म्हणजे पोरींना फुकट शाळेत आणणारी सरकारी बस उशिरा आली. आन् आम्ही त्याच पोरींना ग्राउंडवर चकरा मारायला लावत होतो! हेडसरांनी आता डेपोला लेखी पत्र दिलंय.

पोरींचं अजून एक सांगतो, ते लिहायला मला जड जायलंय. मागच्या साली दहावीतल्या एका मुलीच्या दप्तरात मोबाईल सापडला. कुणातरी पोराशी बोलणं होतं, आता त्या वयात असतंच. आमच्याच स्टाफमधल्या एकानं ते सगळ्यांसमोर वाचलं आन् बापाला बोलावून ऑफिसात चार माणसांत सांगितलं. बाप खाली मान घालून ऐकत होता, पोरगी दाराला टेकून उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आन् सोडायची. महिन्याच्या आत तिचं लग्न लागलं, मामाच्या गावाला नेऊन. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, लेकरांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन करता येतो, हे आम्हाला सगळ्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. तिचा बाक आठ-दहा दिवस रिकामा दिसत होता आन् फोन कुणीच लावला नाही. मीबी नाही. आपल्या भागात मुलीच्या बापाला शाळेनं बोलावणं म्हणजे काय असतं ते आम्हाला कळायला पाहिजे होतं.

म्हणून आता मुलीचं काहीबी असलं तर आधी मॅडमकडं, तिथनं लेकरांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीकडं. ही समिती २०२२ च्या जीआरनं प्रत्येक शाळेत आहे, पण आमच्याकडं ती फक्त बोर्डावर होती, नावं खडूनं लिहून ठेवलेली. मोबाईल सापडला तर बंद करून कपाटात आन् शाळा सुटताना परत, उघडायचा नाही, वाचायचा नाही. आन् मुलगी सलग तीन दिवस आली नाही तर मॅडम घरी जाणार. हे मी दोनदा वाचून दाखवलं मीटिंगमध्ये आन् कागदावर सह्या घेतल्या.

श्रमदानाच्या शिक्षेवरनं लई वाद झाला. काही जण म्हणले मारायचं नाही ना, मग वर्ग झाडू द्या, संडास धुऊ द्या. मी म्हणलं मागच्या दोन वर्षांत झाडू कुणाच्या हातात दिला त्यांची नावं आठवा, मीच सांगू का? सगळी एकाच गल्लीतली लेकरं होती. कुणी मुद्दाम करत होतं असं मी म्हणत नाही, पण हात आपोआप त्यांच्याकडंच जात होता. आता वर्ग सगळ्यांनी पाळीनं झाडायचा, मास्तर लोकांची स्टाफरूमसुद्धा त्यात, आन् झाडू शिक्षा म्हणून कुणालाच द्यायचा नाही. हा नियम एका मताच्या फरकानं पास झाला. हेडसरांचं मत आलं म्हणून.

गुटख्याचं तू ऐकलंस तर बोलशील काय आता. राज्यात २०१२ पासून बंदी, तंबाखूची टपरी शाळेपासून शंभर यार्डाच्या आत चालत नाही असा २००३ चा केंद्राचा कायदा, आन् आमच्या गेटपासून टपरी पंचवीस पावलांवर. पोरांचे खिसे तपासायच्या आधी ग्रामपंचायतीला पत्र गेलं पाहिजे आन् स्टाफनं शाळेच्या आवारात पुडी काढायची नाही, हे मी लिहून टाकलं. दोघं-तिघं नाराज हायत. राहू देत.

मारामारीचं अजून नीट जमलेलं नाही. दोघांना वेगवेगळं बसवून ऐकायचं, त्यांनीच लिहून द्यायचं, मग समोरासमोर बसवायचं, एवढं ठरलंय. पण डोकं फुटतं तवा नुसतं ऐकून भागतं का, असं लोक विचारतेत आन् त्यांचंबी खरं हाय. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या आईला मी काय सांगू? सध्या असं केलंय की मारणाऱ्याला आठ दिवस मधल्या सुट्टीत शिक्षकांजवळच बसवायचं आन् त्याच्या घरच्यानं दवाखान्याचा खर्च द्यायचा. वर्गातनं काढायचं नाही मात्र. तुमच्या लातूरच्या शाळेत असं काही झालं तर काय करता ते मला सविस्तर लिही, मला खरंच पाहिजे.

हे सगळं दसऱ्याच्या आत वाचून दाखवायचंय, कारण त्यानंतर ऐकायला आई-बाप गावात राहत नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी व्हरांड्यात वाचणार, माईक लावून, सावकाश, म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं. भिंतीवरची फ्रेम मी काढून टाकलीय.

आन् एक काम हाय तुझ्याकडं. ते लिंबाखालचं पोरगं मला मागच्या आठवड्यात स्टँडवर भेटलं. मी वळखलं नाही, एवढं उंच झालंय. त्यानंच वाकून पाया पडून विचारलं, सर वळखलं का. हातावर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक बारीक रेघा, मनगटापासून कोपरापर्यंत. मी त्याला तिथंच बाकड्यावर बसवलं आन् म्हणलं माझं चुकलं होतं. ते लाजलं, म्हणलं नाही सर, मीच उशिरा येत होतो. मग मी १७ नंबरच्या फॉर्मचं काढलं, बाहेरनं दहावीला बसता येतंय म्हणलं, तर त्यानं पहिला प्रश्न विचारला की गणिताला तेच सर शिकवतेत का.

त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मी काढून ठेवलाय. तू दोन पोरांचे १७ नंबरचे फॉर्म भरले होतेस ना, तर लेट फी धरून तारीख कुठपर्यंत हाय आन् आधार सोडून अजून काय काय जोडायला लागतं ते कळव. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, हा तवा फडात असणार, म्हणजे मुकादमाशी आताच बोलून ठेवायला लागंल, ते मी बघतो. चुलत्याची टोळी दसऱ्याच्या चौथ्या दिवशी निघणार म्हणे. त्याच्या आत सही घ्यायचीय, तेव्हा वाचल्या वाचल्या फोन कर, कितीबी रात्र असली तरी.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
दादा