रविवारी येताना आपापली बादली घेऊन या

मत्स्यप्रेमी सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता गंगापूर रोडला नेहमीच्या जागी जमायचंय. माशांच्या टाकीचं पाणी साठवायला आणि समुद्री मीठ कालवायला भांडं कोणतं घ्यावं, ते प्रत्यक्ष पाहू.

• तळाशी त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असलेलं, खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक आणा.
• द्राक्षबागेतला फवारणीच्या औषधाचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. मी तीनदा धुतला, उन्हात वाळवला, तरी झाकण उघडलं की वास होताच. त्यात गप्पी मासे गेले.
• तांब्या-पितळेचं भांडं नको, झिंगे मरतात.
• माशांच्या बादलीवर मार्करने लिहून ठेवा, नाहीतर घरात तिनेच फरशी पुसली जाते!

20 लिटर म्हणजे 20 किलो, तेव्हा रिकामीच आणा. येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा.