आधी जागा वाढवा, मग साफसफाई

फ्रँकफुर्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपल्या कारखान्याच्या एक्सपोर्टच्या ईमेल पत्त्यावर पाठवलेली मेल परत येते, असं इकडच्या पार्टीचं म्हणणं आहे. परत आलेल्या मेलवर ५५२ हा कोड आहे आणि मेलबॉक्स भरल्याचा मजकूर आहे. म्हणजे पत्ता बरोबर आहे, सर्व्हरही चालू आहे, फक्त त्या एका पत्त्याला ठरवून दिलेली १ जीबी जागा संपली आहे.

ऑफिसात कुणीही घाईने मेल डिलीट करायला बसू नये, ही पहिली विनंती. त्यात ऑर्डरी आहेत, एल/सीच्या (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटच्या) प्रती आहेत, बिलं आहेत. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात आणि आपली निम्मी कागदपत्रं मेलमध्येच पडलेली असतात. म्हणून आधी जागा वाढवा, मेल यायला लागू दे, आवराआवर नंतर निवांत करा.

जागा वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे. चि. ओंकारला हा भाग वाचून दाखव. साइटच्या पत्त्यापुढे कोलन आणि २०८३ टाकलं की सीपॅनेलचं, म्हणजे आपली साइट आणि मेल सांभाळायच्या पानाचं, लॉगिन येतं. आत ‘ईमेल अकाउंट्स’ उघडायचं. प्रत्येक पत्त्यासमोर वापरलेली जागा आणि दिलेली जागा दिसते. एक्सपोर्टच्या ओळीतलं ‘मॅनेज’ दाबायचं, खाली ‘अलोकेटेड स्टोरेज स्पेस’ सापडेल. तिथे १०२४ च्या जागी ५१२० लिहायचं, शेजारी माप एमबीच आहे ना ते बघायचं आणि तळाशी ‘अपडेट ईमेल सेटिंग्ज’ दाबायचं. हे शेवटचं बटण न दाबता पान बंद केलं की आकडा जुनाच राहतो. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून पाच एमबीची फाइल जोडून मेल पाठवून बघावी.

तिथे ‘अनलिमिटेड’ असाही पर्याय दिसेल. तो घेऊ नका. आपल्या पॅकेजची एकूण जागा २० जीबी आहे आणि सगळे मेलबॉक्स, वेबसाइट, तिचा डेटाबेस त्याच २० जीबीत राहतात. गोदाम तेवढंच, आतल्या मांडण्या लहानमोठ्या करता येतात, एवढाच त्याचा अर्थ. एका मेलबॉक्सला मोकळं सोडलं आणि त्याने सगळी जागा खाल्ली, तर अकाउंट्स, सेल्स सगळ्यांच्याच मेल थांबतात आणि साइटवरचा चौकशीचा फॉर्मही बंद पडतो. एक्सपोर्टला ५, अकाउंट्सला ४, सेल्सला ३, तुझ्या पत्त्याला २ असे १४ जीबी होतात. साइटला साधारण ३ लागतात. उरलेले ३ कुणालाही देऊ नका, ते राखीव असू देत.

मेलबॉक्सला जागा असूनही मेल अडली, तर सीपॅनेलच्या मुख्य पानाच्या उजव्या बाजूचे आकडे बघायचे. तिथे ‘डिस्क युसेज’ पूर्ण भरलेलं असेल तर बहुधा दोनांपैकी एक कारण निघतं. एक म्हणजे साइटच्या पूर्ण बॅकअपची फाइल. ती होम फोल्डरमध्येच तयार होते आणि उतरवून घेतल्यावर पुसायची राहते. दुसरं कारण ‘डिफॉल्ट ॲड्रेस’. आपल्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांना येणारी मेल, म्हणजे जवळजवळ सगळा स्पॅम, काही ठिकाणी सिस्टिमच्या मुख्य खात्यात साठत राहते. ते खातं कुणी उघडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कळतही नाही. ‘डिफॉल्ट ॲड्रेस’मध्ये जाऊन अशी मेल पाठवणाऱ्याला ‘एरर’चा संदेश देऊन नाकारण्याचा पर्याय निवडायचा. त्याच बाजूला ‘फाइल युसेज’ असतं, तेही बघावं. सर्व्हरवर प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते आणि फायलींच्या संख्येलाही बहुतेक कंपन्यांची मर्यादा असते. जीबी शिल्लक दिसतात, तरी मेल येत नाही, त्याचं कारण कधी कधी हे असतं.

परत गेलेल्या मेलचं काय, हे तू विचारशीलच. कोड ४ ने सुरू होत असेल, म्हणजे ४५२ वगैरे, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. जागा झाली की मेल आपोआप येते. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार. ती मेल पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवली तरच मिळेल. आपल्याकडे ५५२ आहे. सीपॅनेलमध्ये ‘ट्रॅक डिलिव्हरी’ आहे, त्यात अलीकडच्या अडलेल्या मेल आणि पाठवणाऱ्यांचे पत्ते दिसतात. ती यादी काढून प्रत्येक पार्टीला दोन ओळी लिहा. हे आजच करा. ऑर्डर पाठवून उत्तर न आलेला माणूस आपला मेलबॉक्स भरला असेल असं समजत नाही, आपल्याला मालात रस नाही असं समजतो.

आता जागा जाते कुठे ते बघू, कारण हे कळलं नाही तर ५ जीबीही भरतील. जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. टॉवेलच्या डिझाइनची १२ एमबीची पीडीएफ मेलबॉक्समध्ये १६ एमबीच्या आसपास जागा घेते. ती तू पाठवलीस, सेल्स आणि अकाउंट्सला सीसी केलीस, की एक प्रत ‘सेंट’मध्ये आणि एकेक त्या दोघांकडे. १६ चे ४८ झाले. पार्टीने बॉर्डरचा रंग बदलायला सांगितला की पुन्हा ४८. म्हणून डिझाइन, लॅब डिपचे (रंगाच्या नमुन्यांचे) फोटो, पॅकिंगचे व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवून मेलमध्ये फक्त लिंक द्यावी. पीआय (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस), पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग मात्र जोडूनच पाठवा. ते लहान असतात आणि पुढे पुरावा म्हणून लागतात. स्कॅनिंग करताना रंगीत ६०० डीपीआयऐवजी काळं-पांढरं ३०० डीपीआय ठेवलं तरी शिक्का आणि सही स्वच्छ वाचता येते आणि फाइल बरीच लहान होते.

डिलीट केलेली मेल ‘ट्रॅश’मध्ये जाते आणि तिथेही ती जागा धरून असते. ट्रॅश रिकामा केल्याशिवाय आकडा खाली येत नाही. ‘सेंट’ मात्र सरसकट उडवू नका, आपण कोणता भाव कळवला होता ते तिथेच सापडतं. सीपॅनेलमधल्या ‘ईमेल डिस्क युसेज’मध्ये कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली ते दिसतं. बघण्यापुरतं ते फार उपयोगी आहे. पण तिथून डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये न जाता कायमचं जातं, म्हणून ऑफिसातल्या मुलांना तिथे हात लावू देऊ नये.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल पीओपीने (कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या पद्धतीने) येते की आयमॅपने (सर्व्हरवरच ठेवण्याच्या पद्धतीने), ते ओंकारने तपासावं. पीओपी असेल आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ला मुदत दिलेली नसेल, तर कॉम्प्युटरवर सगळं उतरूनही सर्व्हर भरतच जातो. मुदत ६० दिवस ठेवा. त्यानंतर त्या जुन्या मेल तुझ्या फोनवरही दिसणार नाहीत, फक्त त्या कॉम्प्युटरवर राहतील, हे ध्यानात असू दे. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवरच असते आणि कॉम्प्युटरवरून पुसली की सगळीकडून जाते.

जुनी मेल काढून ठेवायला थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम चांगला. त्यात ‘लोकल फोल्डर्स’मध्ये वर्षाचं फोल्डर करायचं आणि त्या वर्षाच्या मेल ‘कॉपी’ करायच्या, ‘मूव्ह’ नाही. मध्येच लाइट किंवा इंटरनेट गेलं तर मूळ मेल जागेवर राहतात. दोन्हीकडची संख्या जुळली आणि दहा-बारा जोडफायली उघडून बघितल्या की मगच सर्व्हरवरच्या काढायच्या. प्रोग्राम बंद करून ते सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायचं, एक कारखान्यात आणि एक घरी. पेनड्राइव्हवर घेताना ‘जागा नाही’ असं आलं, तर आधी त्याचा फॉरमॅट बघा. एफएटी ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं.

सगळी मेल जीमेलवर वळवण्याचा विचार मला पटत नाही. तिथले मोफत १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असतात, अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. घरच्या लग्नाचे व्हिडिओ आणि कारखान्याच्या ऑर्डरी एकाच जागेत नकोत.

हे सगळं डिसेंबरच्या आत उरकून घे. जानेवारीत इकडे हाइमटेक्स्टिलचं, म्हणजे घरगुती कापडाचं, प्रदर्शन असतं आणि तिकडे सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. इकडच्या पार्ट्या भराभर मेल पाठवतात नेमक्या तेव्हा आपली माणसं नंदीध्वजांबरोबर असतात. शिवाय हिवाळ्यात इकडचं घड्याळ साडेचार तास मागे. इथे दुपारी दोनला कुणी मेल पाठवली, तर अक्कलकोट रोडला साडेसहा वाजलेले असतात आणि ऑफिस बंद झालेलं असतं. रात्री मेलबॉक्स भरला तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

त्यासाठी सीपॅनेलच्या ‘कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन’मध्ये जागा संपत आल्याची सूचना देणाऱ्या दोन खुणा आहेत, एक एकूण जागेची आणि एक मेलबॉक्सची. दोन्ही चालू करा. सूचनेचा पत्ता मात्र आपल्या डोमेनवरचा देऊ नका, भरलेल्या मेलबॉक्समध्ये सूचना तरी कशी पोहोचणार? ओंकारचा जीमेल द्या आणि दुसऱ्या रकान्यात माझा. एक्सपोर्टचा आकडा ८० टक्क्यांच्या वर गेला की त्याने मला फोन करावा, रात्री असला तरी.

आईबाबांना साष्टांग नमस्कार, सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ