लाकडाचा आवाज परत मिळवून देणाऱ्या साऊंडवाल्या भाऊंना

प्रिय भाऊ,

कोजागिरीच्या रात्री धरमपेठेतल्या एका गच्चीवर आमचा भावगीतांचा कार्यक्रम झाला. एका कोपऱ्यात दूध आटत होतं, चंद्र पाण्याच्या टाकीवर आला होता. मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मला विचारलं, "बाई, तुझ्या गिटारीपुढे माइक तर नव्हता. मग एवढा गोड आवाज आला कुठून?" मी त्यांना केबल दाखवली, पायाशी ठेवलेला प्रोसेसर, म्हणजे गिटारीचा आवाज घडवणारं मशीन, दाखवलं. त्यांना ते पटेना. म्हणाल्या, "मला तर तू आमच्या बैठकीत समोर बसून वाजवतेस असंच वाटत होतं."

भाऊ, हे वाक्य तुमच्या हक्काचं आहे. तुम्ही त्या रात्री दुसऱ्या मांडवात होता, म्हणून ते या पत्रातून पोचवते आहे. पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण नागपुरात अकूस्टिक गिटार प्रोसेसरला जोडून हताश झालेले माझ्यासारखे बरेच जण आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

पाडवा पहाटेचा तो कार्यक्रम तुम्हाला आठवत असेल. माझी गिटार त्या दिवशी पत्र्यावर ताणलेल्या तारांसारखी वाजत होती. गायिकेचा आवाज मऊ, तबला खणखणीत, आणि मधे माझा तो कर्कश टणटणाट. कार्यक्रम संपल्यावर आमच्यातलंच कुणी म्हणालं, पुढच्या वेळी गिटार नको, सिंथेसायझर भागवेल. मी काही न बोलता केबल गुंडाळत होते. तेव्हा तुम्ही जवळ आलात आणि म्हणालात, "ताई, गिटार चांगली आहे तुमची. मशीनमधी काय करून ठेवलं ते पाहू द्या ना."

तुम्ही पॅच, म्हणजे मशीनमध्ये जतन केलेली आवाजाची मांडणी, उघडला. त्यात अकूस्टिक सिम्युलेटर होता, अॅम्प होता, स्पीकर कॅबिनेट, लहान-मोठा आवाज सारखा करणारा कॉम्प्रेसर, कोरस आणि मोठ्या हॉलचा घुमारा देणारा रिव्हर्ब. "एवढं सगळं कायले?" असं तुम्ही विचारलंत, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकूस्टिक सिम्युलेटर हा इलेक्ट्रिक गिटारला अकूस्टिकसारखी भासवण्यासाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी तो खऱ्या अकूस्टिकवर चढवत होते. शिवाय इलेक्ट्रिक गिटारच्या कॅबिनेटचं मॉडेल साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापून टाकतं. तारेवर बोट सरकल्याची सळसळ, तार छेडायच्या प्लेक्ट्रमचा स्पर्श, ज्याला आपण मोकळा आवाज म्हणतो तो सगळा तिथेच राहतो. तुम्ही एकेक ब्लॉक बंद करत गेलात, आणि पुढच्या रविवारी गिटार घेऊन महाल भागातल्या तुमच्या गोडाऊनला यायला सांगितलंत.

त्या रविवारी तुम्ही मशीनला हातही लावला नाही. मला समोर, आठ-दहा फुटांवर खुर्चीत बसवलंत आणि माझी गिटार स्वतःच्या मांडीवर घेतलीत. "मले वाजवता येत नाही, पन तारा तर छेडता येते. तुमची गिटार तुम्ही कधी समोरून ऐकली का?"

मी नव्हती ऐकली, भाऊ. अकरा वर्षं ती गिटार मी वाजवते आहे आणि अकरा वर्षं तिला वरून, मागून, माझ्या छातीला टेकलेल्या लाकडातून ऐकते आहे. समोर बसणाऱ्याला ती कशी ऐकू येते ते मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही मोकळ्या तारा छेडल्यात आणि मला कळलं की तिचा खर्ज मला वाटत होता त्यापेक्षा कमी आहे, मधला भाग रुंद आहे, आणि शेवटी एक उबदार श्वास रेंगाळतो. तुमचं पुढचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: "मशीनले माहीत नाही तुमची गिटार कशी वाजते. तुम्हाले माहीत पाहिजे."

त्यानंतर पिएझोबद्दल, म्हणजे तारांच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणाऱ्या माझ्या गिटारीतल्या पिकअपबद्दल, तुम्ही जे समजावलंत ते कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती. तारा ज्यावर टेकतात त्या सॅडलच्या खाली बसलेली ती पट्टी तारांचा दाब मोजते. दाबल्यावर काही स्फटिकांत विद्युतभार तयार होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं, त्याच तत्त्वावर ती चालते. पण गिटारीचा वरचा फळा कसा थरथरतो, पोटातली हवा कशी हलते, हे तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही. म्हणून तो टोचरा, नाकातला आवाज. त्यात माझा पिकअप बिनबॅटरीचा. अशा पिकअपला खूप मोठा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे मशीनच्या तोंडाशी सिग्नलला होणारा विरोध, लागतो, निदान १ मेगाओम, नाहीतर खर्ज गळून जातो. माझ्या प्रोसेसरमध्ये तो 'ऑटो'वर होता आणि पहिला ब्लॉक बदलला की बदलत होता. तुम्ही तो १ मेगाओमवर पक्का केलात, आणि त्या एका बदलाने अर्धी कर्कशता गेली.

उरलेली अर्धी घालवायला मे महिना लागला. पिकअपला जे ऐकू येत नाही ते त्याला परत द्यायचं, म्हणजे गिटारीचा इम्पल्स रिस्पॉन्स (आय.आर.), तिच्या घुमण्याचा डिजिटल ठसा, तयार करायचा, असं तुम्ही ठरवलंत. बाजारात मिळणारे आयते आय.आर. आपण लावून पाहिले. ते सुरेख होते, पण दुसऱ्याच कुठल्या गिटारीचे होते. मग एका रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर, आपण रेकॉर्डिंगला बसलो. नागपूरचा मे, दिवसा ४५ अंशांच्या वर गेलेला पारा, रात्रीही भिंती तापलेल्या, आणि तुम्ही म्हणता, "कूलर बंद करा बाप्पा, नाही तर तोबी गिटारीत येऊन बसन." पंखाही बंद. माइक बाराव्या फ्रेटसमोर एक फुटावर, साऊंडहोलवर, म्हणजे गिटारीच्या गोल भोकावर, रोखला तर फार घुमतो म्हणून जरा बाजूला. एका ट्रॅकवर पिकअप, दुसऱ्यावर माइक, दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर. प्रत्येक तारेवरचे सूर, मग कॉर्ड, मग जोरात, मग हळू. घाम कोपरावरून गिटारीवर पडू नये म्हणून तुम्ही मला दुपट्टा दिलात.

दोन ट्रॅकमधला फरक सॉफ्टवेअरने काढला आणि २,०४८ सॅम्पलची एक फाइल झाली, जेमतेम ४३ मिलिसेकंदांची. एवढ्याशा जागेत माझ्या गिटारीचं पोट मावलं याचं मला अजून नवल वाटतं. पण पहिल्यांदा ती मूळ सिग्नलमध्ये मिसळली तेव्हा आवाज मधेच पोकळ झाला. मी हिरमुसले. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, माइक लांब होता ना. फूटभर अंतर कापायला आवाजाला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात. तो उशीर फाइलीत राहिला की दोन सिग्नल काही ठिकाणी एकमेकांना खाऊन टाकतात. तुम्ही फाइलीच्या सुरुवातीची ती रिकामी जागा कापलीत. मी परत सी कॉर्ड वाजवली आणि गोडाऊनमधल्या त्या स्पीकरमधून माझी गिटार बाहेर आली, खुर्चीत बसून ऐकली होती तीच. मला रडू आलं होतं हे तुम्ही पाहिलंत आणि केबल शोधायच्या निमित्ताने उठून गेलात. त्याबद्दलही आभार.

६० टक्के आय.आर. आणि ४० टक्के मूळ सिग्नल हे प्रमाण तेव्हापासून तसंच आहे. सगळा आय.आर. ठेवला तर सूर दूर गेल्यासारखा वाटतो, बोटाची पहिली टोच हरवते. ईक्यूमध्ये, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्यात, तुम्ही फक्त काढायला शिकवलंत: ७० हर्ट्झच्या खालचं नको, दीड-दोन किलोहर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी, बस. कॉम्प्रेसर अगदी हलका. रिव्हर्ब लहान खोलीचा, आहे हे कळू नये इतकाच.

घरी हेडफोनवर हळू आवाजात बसवलेला पॅच स्टेजवर का फसतो, हेही तुम्ही दाखवलंत. आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि टोकाचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो, आणि मोठ्या स्पीकरवर तेच अंगावर येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून मांडलं होतं, असं मी नंतर वाचलं. तुम्हाला ते मांडवांतल्या अनुभवातून माहीत होतं. आता मी कुठलाही पॅच कार्यक्रमाच्या आवाजात ऐकल्याशिवाय सेव्ह करत नाही.

फीडबॅकचं, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून घुमण्याचं, तेवढं राहिलं होतं. जुलैच्या रिहर्सलला 'जी' (G) ही कॉर्ड वाजवली की मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, घूं करायचा. आय.आर.ने गिटारीचं पोट परत आणलं, तसं त्या पोटाचं घुमणंही आणलं. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ९८ हर्ट्झ, आणि माझ्या गिटारीतली हवा नेमकी तिथेच घुमते. तुम्ही फोनवरच उपाय सांगितलात: श्रोत्यांकडे पूर्ण मिश्रण जाऊ द्या, मॉनिटरला फक्त पिकअप द्या आणि तिथे ९८ वर बारीक खाच मारा, म्हणजे तेवढाच सूर कमी करा. मला स्टेजवर थोडा रुक्ष आवाज ऐकू येतो, पण समोरच्यांना खरा मिळतो, आणि तो कसा आहे हे मला आता माहीत आहे.

या सगळ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोनदा पाकीट पुढे केलं, दोनदा तुम्ही चहा मागवून विषय बदललात. तुम्हाला मंचावर कुणी बोलावत नाही, निवेदक तुमच्या कामाचा उल्लेख शेवटी घाईत करतात आणि तोपर्यंत लोक चपला शोधत असतात. म्हणून मी इथे लिहिते: कोजागिरीला त्या आजींनी जी गिटार ऐकली, ती तुम्ही वाजती केलीत.

आणखी एक. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड आता सुकायला लागलंय, तारांची उंची बदलली आहे आणि आवाज पुन्हा थोडा हलका झालाय. डिसेंबरात एकदा नव्याने रेकॉर्ड करावं म्हणते. तुमच्या सोयीची रात्र कळवा. या वेळी कूलर बंदच असेल, आणि घरून डब्यात सांबारवडी घेऊन येईन.

तुमची,
गिटारवाली ताई
नागपूर